डाग इथे, गळती कुठे? लपलेलं पाणी शोधण्याच्या पद्धतींचा इतिहास

पंढरपुरात प्रदक्षिणा मार्गाच्या आतल्या बाजूला आमच्या नात्यातलं एक दुमजली घर आहे. खाली थोरल्या काकू राहतात, वर धाकटे काका. एका जानेवारीत काकूंच्या मधल्या खोलीच्या छताला ओल आली. ती जागा वरच्या न्हाणीघराच्या बरोबर खाली. त्यामुळे निकाल पाच मिनिटांत लागला. काकांनी न्हाणीघराच्या टाइल्स फोडल्या, खालचा कोबा नवा केला, वॉटरप्रूफिंग करून घेतलं. बरेच पैसे गेले. एप्रिलमध्ये डाग पुन्हा त्याच जागी आला आणि आधीपेक्षा मोठा होऊन आला. काकू म्हणाल्या, काम नीट केलं नाही. काका म्हणाले, आता एक रुपया घालणार नाही. आषाढीला त्या घरात दरवर्षी वारकरी उतरतात आणि सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र होतो. त्या वर्षी वर एक आणि खाली एक अशा दोन चुली लागल्या.

मी पीएच.डी. करते म्हटल्यावर घरातल्यांची अपेक्षा असते की हिला सगळं कळतं. "एवढं शिकतेस तर सांग बघू, पाणी कुठून येतंय," असं काकूंनी विचारलं. मला सांगता आलं नाही. मग मी वाचायला लागले, आणि वाचता वाचता लक्षात आलं की लपलेली गळती शोधण्याचा इतिहास हा रिसर्च मेथडॉलॉजीचा चांगला धडा आहे. कोर्सवर्कमध्ये आपण 'हायपोथिसिस', 'कंट्रोल', 'व्हॅलिडिटी' हे शब्द पाठ करतो. इथे ते शब्द भिंतीत दिसतात.

माळवदाच्या घरात गळती लपत नव्हती

सोलापूर भागातली जुनी घरं माळवदाची. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी माळवदावर चढून भेगा बुजवायच्या, नवी माती टाकून ती चोपायची, पन्हळी मोकळ्या करायच्या. घरात नळ नव्हता. पाणी रांजणात आणि हंड्यात असे, सांडपाणी मोरीतून बाहेर जाई. पाणी नक्की कुठून आत येऊ शकतं, याची यादी फार छोटी होती. छत गळलं तर ते वरूनच गळायचं आणि बहुतेक वेळा ठिबकणाऱ्या जागेच्या आसपासच भेग सापडायची.

मग नळ आला, पण पाइप भिंतीच्या बाहेरून. गळला तर दिसायचा, नाहीतर ऐकू यायचा. पुढे सिमेंटचा स्लॅब आला आणि गेल्या काही दशकांत पाइप भिंतीच्या आत गेले. वरून गिलावा, त्यावर टाइल्स. घर देखणं झालं, पण दाबाखालचं पाणी, सांडपाणी आणि पावसाचं पाणी असे तीन वेगवेगळे प्रवाह एकाच भिंतीत डोळ्याआड गेले. शिवाय स्लॅबमध्ये शिरलेलं पाणी सरळ खाली येत नाही. जिथे उतार, जिथे सांधा, जिथे पोकळी, तिकडे ते जातं. म्हणून डाग एका खोलीत आणि फुटलेला सांधा दुसऱ्या खोलीत असं होऊ शकतं.

थोडक्यात, ज्याला आपण 'लपलेली गळती' म्हणतो, ती पाणी लपवल्यावर जन्माला आली. तिला शोधण्याच्या पद्धतीही शहरांनी पाणी जमिनीखाली घातल्यावरच तयार झाल्या.

कान आणि व्हॉल्व्ह

मुंबईला विहार तलावाचं पाणी 1860 मध्ये नळाने मिळू लागलं. त्याच शतकात युरोपातली मोठी शहरंही लोखंडी नळ टाकत होती, आणि सगळीकडे एकच तक्रार होती: तलावातून निघालेलं पाणी आणि घरांत पोहोचलेलं पाणी यांचा मेळ लागत नाही.

पहिलं साधन म्हणजे कान. पॅरिसमध्ये लाएनेक या डॉक्टरने 1816 मध्ये कागदाची नळी रुग्णाच्या छातीला लावून स्टेथोस्कोपची सुरुवात केली. पाणी खात्यातले लोक तेच तत्त्व वापरत होते. दाबाखालचं पाणी बारीक फटीतून बाहेर पडताना पाइप थरथरतो आणि ती थरथर धातूतून लांबवर जाते. काठीचं किंवा लोखंडी कांबीचं एक टोक पाइपला आणि दुसरं कानाला लावलं की सूं असा सतत आवाज येतो.

पण कानाला एक मर्यादा आहे. कुणी नळ उघडा ठेवला असेल तरी तसाच आवाज येतो. आवाज 'वाहतं पाणी' सांगतो, 'वाया जाणारं पाणी' सांगत नाही. हा फरक कसा करायचा, याचं उत्तर लिव्हरपूलच्या जॉर्ज डीकन या अभियंत्याने 1873 मध्ये दिलं. त्याने बनवलेल्या मीटरमध्ये निमुळत्या नळीत एक चकती लोंबकळत असे. प्रवाह वाढला की चकती खाली जाई, आणि तिला जोडलेली पेन्सिल फिरत्या कागदावर रेघ काढी. म्हणजे दिवसभराच्या प्रवाहाचा आलेखच मिळे.

मला मीटरपेक्षा त्याची कामाची रीत जास्त महत्त्वाची वाटते. रात्री शहर झोपलं की वापर जवळजवळ थांबतो. तरीही जे पाणी वाहत राहतं, ते बहुतेक गळतीचं. मग त्या भागातला एकेक व्हॉल्व्ह बंद करत जायचं. ज्या व्हॉल्व्हला रेघ एकदम उतरते, त्याच्या पुढच्या पाइपात गळती. व्हॉल्व्ह बंद करण्याची किल्लीच निरीक्षक कानाला लावून ऐकत. आधी व्हॉल्व्ह शंका एका गल्लीपुरती आणत, मग कान नेमकी जागा दाखवी.

आपल्या भाषेत सांगायचं तर डीकनने एक बेसलाइन घेतली आणि एका वेळी एकच व्हेरिएबल बदलला. तेव्हा लिव्हरपूलमध्ये पाणी ठराविक वेळ सोडलं जात होतं. नासाडी आटोक्यात आल्यावर तिथे पुन्हा अखंड पुरवठा करता आला.

हीच पद्धत आपल्या गावांत जशीच्या तशी का चालत नाही, हेही पाहा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी ठराविक वेळेलाच येतं. रात्री पाइपात दाबच नसेल तर गळतीला आवाज नाही आणि मीटरला रेघ नाही. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पुरवठा सुरू केला आणि जोडण्यांना मीटर लावले, म्हणून तिथे हा हिशेब मांडणं शक्य झालं. परदेशातली पद्धत उचलताना ती कोणत्या गृहीतकावर उभी आहे, हे आधी वाचावं लागतं.

पुढे 1970 च्या दशकात कानाची जागा कोरिलेटरने घेतली. पाइपच्या दोन टोकांना दोन सेन्सर लावायचे. गळतीचा आवाज एका टोकाला आधी पोहोचतो, दुसऱ्याला नंतर. समजा पाइप 100 मीटर लांब आहे, आवाजाचा वेग सेकंदाला 1200 मीटर आहे आणि दोन टोकांना आवाज पोहोचण्यात 0.02 सेकंदाचा फरक आहे. तर तेवढ्या वेळात आवाज 24 मीटर जातो. 100 मधून 24 वजा करा, दोनाने भागा. गळती जवळच्या टोकापासून 38 मीटरवर. उत्तर अगदी नेमकं वाटतं. पण 1200 हा वेग लोखंडी पाइपसाठी धरलाय. पाइप प्लास्टिकचा असेल तर वेग बराच कमी असतो. तो 400 धरला तर उत्तर 46 मीटर येतं. आठ मीटरचा फरक, म्हणजे रस्ता भलत्याच जागी खणला जाणार. यंत्र तेच, वाचन तेच, चूक आपल्या गृहीतकात. घरातले पाइप तर आखूड, प्लास्टिकचे आणि फाटे फुटलेले असतात. त्यामुळे घरात कोरिलेटरपेक्षा साधं ऐकणं आणि व्हॉल्व्ह बंद करणंच जास्त कामी येतं.

रंग

कान दाबाखालच्या पाइपसाठी ठीक आहे. पण मोरीचा किंवा गच्चीचा पाझर आवाज करत नाही. तिथे प्रश्न वेगळा असतो: इथून गेलेलं पाणी तिथेच निघतं का?

या प्रश्नाचं गाजलेलं उदाहरण जर्मनीतलं आहे. डॅन्यूब नदीचं बरंचसं पाणी इमेंडिंगेन गावाजवळ पात्रातच जिरतं. तिथून साधारण 12 किलोमीटरवर आख नावाचा मोठा झरा आहे. खालच्या अंगाच्या लोकांचं म्हणणं होतं की आमचं पाणी तिकडे जातं. तोंडाने कितीही भांडलं तरी हे सिद्ध होत नव्हतं. 1877 मध्ये अडॉल्फ क्नोप या प्राध्यापकाने पाणी जिरतं त्या जागी तीन गोष्टी ओतल्या: काही दिवसांच्या अंतराने उग्र वासाचं खनिज तेल आणि भरपूर मीठ, आणि शेवटी ऑक्टोबरमध्ये 10 किलो फ्लुरोसीन. हा रंग रसायनशास्त्रज्ञ बायर यांनी 1871 मध्येच तयार केला होता. सुमारे 60 तासांनी आखचा झरा चकाकत्या हिरव्या रंगाने वाहू लागला. पाण्याला खारट चव आणि तेलाचा वासही होता.

क्नोपने तीन खुणा का वापरल्या असतील, याचा विचार करा. नुसतं मीठ आढळलं असतं तर कुणी म्हणालं असतं की मीठ जमिनीतच असेल. एकमेकींशी संबंध नसलेल्या तिन्ही खुणा एकाच झऱ्यात आल्यावर शंकेला जागा उरली नाही. पाणी कुणाचं, हा वाद मात्र त्यानंतरही चालला आणि 1927 मध्ये जर्मनीच्या न्यायालयापुढे गेला. विज्ञानाने वाट दाखवली, वाटणी न्यायालयाला करावी लागली.

'खूण लावून माग काढणं' ही कल्पना पुढे दूरवर गेली. 1911 मध्ये मँचेस्टरला रदरफर्डच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जॉर्ज दे हेवेशीला संशय होता की खानावळीची मालकीण उरलेलं मांस पुन्हा वाढते. त्याने ताटात उरलेल्या मांसात किंचित किरणोत्सारी पदार्थ टाकला आणि काही दिवसांनी पुढे आलेलं जेवण उपकरणाने तपासलं. संशय खरा निघाला. किरणोत्सारी ट्रेसरच्या संशोधनासाठी त्याला पुढे 1943 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हेच तत्त्व जमिनीखालच्या पाइपलाइनची गळती आणि धरणांचा पाझर शोधायला वापरलं. ब्रोमीन-82 चं अर्धायुष्य साधारण 35 तासांचं असतं, त्यामुळे काम झालं की खूण आपोआप विरून जाते.

घरात यातलं काही लागत नाही. आपल्याकडचे जुने गवंडी संशयित मोरीत कपड्यांची नीळ ओततात, ती ट्रेसर पद्धतच आहे. गच्चीवर सिमेंटची आळी करून एक-दोन दिवस पाणी साठवून ठेवतात, त्यातही तेच तत्त्व आहे. फक्त एक लक्षात ठेवायचं. खाली नीळ दिसली तर वाट नक्की सापडली. नाही दिसली तर वाट नाहीच, असं म्हणता येत नाही, कारण चुना, वीट आणि माती रंग शोषून घेतात. नकारार्थी निकालाचं वजन होकारार्थी निकालाएवढं नसतं. थिसिस लिहिताना हे वाक्य मी टेबलावर चिकटवून ठेवलंय.

गारवा

तिसरी पद्धत दिसायला सगळ्यांत आधुनिक, पण तिची सुरुवात सगळ्यांत जुनी. 1800 मध्ये विल्यम हर्शेल सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात थर्मामीटर ठेवून कोणत्या रंगात किती उष्णता ते मोजत होता. लाल रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नाही तिथे ठेवलेला थर्मामीटर सगळ्यांत जास्त चढला. हा अवरक्त प्रकाश. लष्करी उपयोगातून पुढे येत 1960 च्या दशकात स्वीडनमध्ये अवरक्त कॅमेरे विक्रीला आले, सुरुवातीला विजेच्या तारांची तपासणी करायला. आता ते मोबाइलला जोडूनही मिळतात.

भिंतीतलं पाणी त्यात कसं दिसतं? खरं तर दिसत नाही. कॅमेऱ्याला फक्त पृष्ठभागाचं तापमान कळतं. ओल्या जागेतून पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, एका किलोला जवळजवळ 2,400 किलोज्यूल. उन्हाळ्यात माठ गार राहतो तो याचमुळे. म्हणून ओली भिंत आजूबाजूपेक्षा थोडी गार दिसते. पण जुलैच्या दमट हवेत पाणी उडतच नसेल तर हा फरक जवळपास नाहीसा होतो. उलट एखादी पूर्ण कोरडी जागा बाहेरच्या सावलीमुळे गार दिसू शकते.

ओल मोजायचं विजेचं यंत्रही असंच फसतं. ओली भिंत वीज जास्त वाहून नेते, यावर ते चालतं. पण भिंतीला लोणा लागला असेल तर तिच्यातले क्षारही वीज वाहतात, आणि जेमतेम दमट भिंत चिंब भिजल्यासारखा आकडा दाखवते.

एकूण पाहा: कानाने आपण कंप मोजतो, रंगाने वाट, कॅमेऱ्याने तापमान, यंत्राने विद्युतवहन. यातलं एकही साधन 'गळती' मोजत नाही. प्रत्येक साधन गळतीची एखादी सावली मोजतं, आणि तशीच सावली दुसऱ्या कशाचीही पडू शकते. म्हणून आधी व्हॉल्व्ह बंद करून शंका छोटी करायची आणि मग एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन साधनांनी खात्री करायची.

पुन्हा पंढरपूर

त्या वर्षी दिवाळीआधी मी गावी गेले तेव्हा हे सगळं डोक्यात होतं. पहिला पुरावा तर आधीपासून समोर होता. डाग वाढला एप्रिलमध्ये. पंढरपुरात एप्रिलमध्ये कुठला आलाय पाऊस? म्हणजे गच्चीवरून झिरपणारं पाणी बाद. दुसरी गोष्ट काकूंनीच बोलता बोलता सांगितली. मे महिन्यात काका सगळ्यांना घेऊन आठ दिवस परगावी गेले होते, तरी डाग वाढतच होता. वरची मोरी आठ दिवस कोरडी असताना खालचा डाग वाढतो, म्हणजे सांडपाण्याचा पाइप बाद. आणि ज्या संशयावर टाइल्स फोडल्या होत्या, तोही बाद. उरलं दाबाखालचं पाणी, जे कुणी वापरो न वापरो, टाकीतून सतत येत असतं.

गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे, व्यास साधारण 1.1 मीटर. अशा टाकीतलं पाणी एक सेंटिमीटर उतरलं की साधारण साडेनऊ लिटर गेलं. टाकीत येणारं पाणी बंद केलं आणि रात्री दहाला, सगळे नळ बंद असताना, आत पाण्याच्या पातळीवर खूण केली. टाकीतून दोन पाइप निघतात, एक वरच्या मजल्याला, एक खालच्या. पहिल्या रात्री दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवले. सकाळी सहाला पातळी जिथल्या तिथे. दुसऱ्या रात्री फक्त वरच्या मजल्याचा उघडा ठेवला. काही फरक नाही. तिसऱ्या रात्री फक्त खालच्या मजल्याचा. सकाळी पातळी तीन सेंटिमीटर खाली.

आठ तासांत अठ्ठावीस लिटर, म्हणजे दिवसाला पंच्याऐंशी. आणि तेही काकूंच्या स्वतःच्या स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या पाइपातून. तो पाइप वरच्या न्हाणीघराशेजारच्या भिंतीतून खाली उतरतो, हे घर बांधणाऱ्याशिवाय कुणालाच आठवत नव्हतं.

एका मित्राकडून अवरक्त कॅमेरा आणला. हवा कोरडी होती. भिंतीवर गार पट्टा दिसला, पण त्याचं वरचं टोक डागापासून चार फूट लांब. तिथे मोठा स्क्रूड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावली तर सूं आवाज, आणि गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केला की आवाज थांबला. हा कंट्रोल मला सगळ्यांत आवडला. प्लंबरने तेवढाच एक हात चौकोन फोडला. आत पाइपच्या वळणाचा सांधा सुटलेला होता.

सांधा बदलायला लागलेला खर्च काकांच्या टाइल्सच्या मानाने किरकोळ होता. टाइल्सचे पैसे कुणी द्यायचे, हा प्रश्न मात्र राहिलाच. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत बाहेरच्या सामाईक पाइपची गळती संस्थेने दुरुस्त करायची, घराच्या आतल्या न्हाणीघर-संडासाची सभासदाने, अशी वाटणी लिहिलेली असते. दोन भावांच्या घरात उपविधी नसतात. काकूंनी निम्मे पैसे पुढे केले, काकांनी घेतले नाहीत. पुढच्या आषाढीला स्वयंपाक खालीच झाला.

रिसर्चला येणाऱ्यांनी यातून काय घ्यावं? आमची चूक उपकरणाची नव्हती. डाग जिथे दिसला तिथेच कारण आहे असं धरलं, आणि ते खोटं ठरवू शकेल असं काही तपासायच्या आधीच हातोडा उचलला. एप्रिलची तारीख आणि मेची सुट्टी, हा डेटा फुकट होता आणि घरातच होता. तुमच्या विषयातला 'डाग' कोणता आहे आणि तुम्ही कोणता व्हॉल्व्ह बंद करून पाहू शकता, एवढं एका कागदावर लिहा. सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी तो कागद गाइडला दाखवा.